एबू व्हेलने ईयू सोडायला मत का दिलं असेल

वेल्सची राजधानी कार्डिफहून एबू व्हेल या जुन्या स्टीलच्या गावाला ट्रेनने साधारण तासभर लागतो. मी सकाळची गाडी पकडून गेले होते आणि तेव्हापासून ते सगळं डोक्यात घोळतंय, म्हणून शेवटी आज लिहायला बसलेय. वर जाणारी आमची गाडी जवळजवळ रिकामी होती, आणि मधल्या एका स्टेशनवर खाली कार्डिफकडे निघालेली गाडी शेजारी येऊन थांबली तर ती खच्चून भरलेली, पाठीवर सॅक अडकवलेली कॉलेजची पोरं, जॅकेटच्या आत युनिफॉर्म घातलेल्या बायका, खिडकीला डोकं टेकून झोपलेली माणसं. ही लाइन 1962 मध्ये प्रवाशांसाठी बंद केली होती, ती 2008 मध्ये परत सुरू झाली, आणि त्यात युरोपियन युनियनचा (ईयूचा) पैसा होता.

स्टेशनातून बाहेर पडलं की समोर जे काही नवं दिसतं ते सगळं जुन्या स्टीलवर्क्सच्या जागेवर आहे. कारखाना 2002 मध्ये बंद झाला. आता तिथे कॉलेज आहे, हॉस्पिटल आहे, कारखान्याच्या जुन्या ऑफिसच्या इमारतीत ग्वेंट भागाचं जुनं दप्तर जपून ठेवलंय, आणि खालून वर गावात जायला रुळांवरून चढणारा एक छोटा डबा बसवला, त्यातही युरोपचा पैसा. आणि ब्लायनाय ग्वेंट, म्हणजे एबू व्हेल ज्या कौन्सिलमध्ये येतं तिथे, 23 जून 2016 च्या रेफरेंडममध्ये, म्हणजे ब्रिटनने ईयूत राहायचं की नाही यावरच्या मतदानात, 62 टक्के लोकांनी ईयू सोडायला मत दिलं. अख्ख्या वेल्समध्ये सगळ्यात जास्त. बाहेरून येऊन स्थायिक झालेली माणसं इथे अगदी थोडी, तरीही.

त्या वेळी पेपरात, टीव्हीवर सगळीकडे एकच सूर होता की ज्यांनी दिलं त्यांच्यावरच उलटले, अडाणी आहेत, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. मला तेव्हाही हे पटलं नव्हतं आणि तिथे जाऊन आल्यावर तर अजिबात पटत नाही. कारण बघा, ईयूच्या नियमाप्रमाणे ज्या भागाचं दरडोई उत्पादन (जीडीपी) युरोपच्या सरासरीच्या 75 टक्क्यांपेक्षा कमी त्याला सगळ्यात जास्त मदत. वेस्ट वेल्स आणि व्हॅलीज हा भाग, ज्यात एबू व्हेल येतं, 2000 मध्ये त्या यादीत आला, 2007 ला परत आला, 2014 ला परत आला. म्हणजे तीनदा मदत मिळाली याचाच अर्थ तीनदा मोजून झालं आणि तीनदा हे लोक गरीबच निघाले. रस्ता झाला, कॉलेज झालं, ईयूच्या निळ्या पाटीवर पिवळे तारे लागले, पण कारखान्यात जो पगार होता, जी युनियन होती, बापानंतर पोराला तिथेच काम मिळायची जी खात्री होती, ती काही त्या पाटीबरोबर आली नाही. आणि कुठला प्रकल्प घ्यायचा, कुठे बांधायचा हे ठरवणारे बहुतेक वेळा दुसरेच कोणीतरी असायचे.

लंडनमधले प्राध्यापक आनंद मेनन एक प्रसंग सांगतात. रेफरेंडमच्या आधी न्यूकॅसलला एका सभेत ते ब्रेक्झिटमुळे जीडीपी कसा घसरेल ते समजावत होते, तर श्रोत्यांतली एक बाई ओरडली की तो तुमचा जीडीपी, आमचा नाही. मला वाटतं त्या बाईने एका वाक्यात जे सांगितलं ते नंतरच्या कित्येक रिपोर्टांना सांगता आलं नाही.

मग सोडल्यावर काय झालं. "सूत्रं परत आपल्या हातात" ही घोषणा होती ना, तर सूत्रं खरंच परत आली, पण ती लंडनला आली, व्हॅलीत नाही. ईयूचा पैसा सात-सात वर्षांच्या टप्प्यात यायचा, वेल्स सरकार तो वाटायचं, 2014 ते 2020 या टप्प्यात साधारण 2 अब्ज पाउंड ठरले होते. 2019 च्या जाहीरनाम्यात कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने सांगितलं की निदान तेवढाच पैसा आम्ही देऊ. त्याच्या जागी जो शेअर्ड प्रॉस्पेरिटी फंड आला त्यात वेल्सला तीन वर्षांसाठी 585 दशलक्ष पाउंड, आणि वेल्स सरकारला बाजूला ठेवून लंडनहून थेट कौन्सिलांशी व्यवहार. कार्डिफ म्हणालं एक अब्जाहून जास्त तूट आहे, लंडन म्हणालं ईयूचे जुने पैसे अजून येताहेत ते पण धरा. आता तीन वर्षांच्या पैशात कौन्सिल काय करणार, पहिलं वर्ष अर्ज आणि मंजुरीत जातं, दुसऱ्या वर्षी माणसं नेमायची आणि तिसऱ्या वर्षी त्यांना सांगायचं की पुढचं काही नक्की नाही, दुसरीकडे बघा. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉलमध्येही तेच. तिथे 56 टक्क्यांवर लोकांनी सोडायला मत दिलं आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी कौन्सिलने लंडनकडे हमी मागितली की आमचा निधी कमी होऊ देऊ नका.

व्यापाराचं म्हणाल तर मला शिंपल्यांची गोष्ट सगळ्यात जास्त लागली. उत्तर वेल्समध्ये अँगलसी बेट आणि मुख्य जमीन यांच्यामधली मेनाय सामुद्रधुनी आहे, तिथे पिढ्यानपिढ्या शिंपले वाढवतात आणि जिवंतच ट्रकने नेदरलँड्सला पाठवायचे, तिथे ते स्वच्छ पाण्यात ठेवून शुद्ध करायचे आणि मग विकायचे. जानेवारी 2021 पासून ब्रिटन ईयूच्या दृष्टीने 'तिसरा देश', म्हणजे बाहेरचा देश झाला, आणि ज्या पाण्याचा दर्जा 'बी' आहे, म्हणजे अगदी स्वच्छ नाही, तिथले जिवंत शिंपले शुद्ध केल्याशिवाय ईयूत घ्यायचे नाहीत हा नियम लागू झाला. पाणी तेच, शिंपला तोच, ट्रक तोच. आधीच शुद्ध करून पाठवायचे म्हटलं तर एवढ्या मोठ्या टाक्या इथे नाहीत, आणि शुद्ध केल्यावर शिंपला फार दिवस टिकत नाही, पोहोचेपर्यंत अर्धं आयुष्य संपलेलं. आयात कर नाही, कोटा नाही, तरी धंदा बसला. ब्रिटन आणि ईयूमधला व्यापार करार 24 डिसेंबर 2020 ला झाला आणि अंमल 1 जानेवारीपासून, म्हणजे तयारीला मिळाला एक आठवडा, त्यातही ख्रिसमसची सुट्टी.

सगळीकडेच वाईट झालं असं मी म्हणणार नाही, ते खोटं ठरेल. इंग्लंडच्या ईशान्येला संडरलँडमध्ये 61 टक्के लोकांनी सोडायला मत दिलं, तिथल्या निस्सानच्या कारखान्याबद्दल सगळ्यांच्या पोटात गोळा आला होता, 2019 मध्ये तिथे ठरलेलं एका मॉडेलचं काम रद्दही झालं, पण 2021 ला कंपनीने इलेक्ट्रिक गाड्या आणि बॅटरीसाठी एक अब्ज पाउंडची योजना जाहीर केली. फरक एवढाच की एवढा मोठा कारखाना असला की त्याच्याशी बोलायला मंत्री येतात. शिंपलेवाल्याशी बोलायला कोण येणार?

राजकारणात याचा हिशेब अजून चुकता झालेला नाही. 2019 ला रेक्सम, ब्रिजेंड या लेबरच्या जागा कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने घेतल्या, 2024 ला त्याच पक्षाला वेल्समध्ये एकही जागा मिळाली नाही. लोकांना वाटलं होतं आता घडी बसेल. पण ऑक्टोबर 2025 मध्ये एबू व्हेलपासून जवळच्याच केरफिलीत वेल्सच्या स्वतःच्या संसदेसाठी पोटनिवडणूक झाली, जिथे लेबर शंभर वर्षं हरला नव्हता, आणि लेबरला मिळाली 11 टक्के मतं. वेल्सचा राष्ट्रवादी पक्ष प्लाइड कम्री 47 टक्के मतं घेऊन जिंकला, आणि नायजेल फराज यांचा रिफॉर्म पक्ष दुसरा, 36 टक्के.

एबू व्हेलचे खासदार एकेकाळी अन्यूरिन बेवन होते, 1929 पासून 1960 मध्ये वारले तोपर्यंत, ज्यांनी एनएचएस, म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, उभी केली. समोरच्या हॉस्पिटलला त्यांचंच नाव आहे. आणि 2016 मध्ये ईयू सोडा म्हणणाऱ्यांची ती लाल बस देशभर फिरत होती, आठवड्याला 350 दशलक्ष पाउंड ईयूला जातात ते एनएचएसला देऊया असं लिहिलेली. मला परतताना सारखं तेच आठवत होतं, की या गावाला एनएचएसच्या नावाने हाक मारली तर ते ओ देणारच. दुपारी परतीच्या गाडीला मी एकटीच चढले, आणि पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर सकाळचीच माणसं परत उतरत होती असं काही नव्हतं, एबू व्हेल टाउनला प्लॅटफॉर्म एकच आहे, ती माणसं संध्याकाळच्या गाडीने येतात.