रिमांड

आज दुपारपासून हा एकच शब्द डोक्यातून जात नाही.

निकाल ऐकून बाहेर आलो आणि व्हरांड्यात मी काकींना सांगून टाकलं, "केस रिमांड झाली." त्या तिथेच बाकावर मटकन बसल्या. छत्री हातातून सुटली, तिचं पाणी फरशीवर पसरत गेलं. "म्हणजे माझ्या झिलाक आता आत घालतले गो?" झिल म्हणजे मुलगा.

भांडण गडग्याचं, दोन जमिनींमधल्या दगडी कुंपणाचं. चिऱ्याचा गडगा दोन हात इकडे की तिकडे, एवढंच. कोठडीचा त्यात संबंधच नाही. पण रिमांड हा शब्द त्यांनी आजवर ऐकला तो पेपरात आणि टीव्हीवर: पोलिसांनी अमक्याचा रिमांड घेतला. त्यांचं काय चुकलं? मी तो शब्द तसाच उघडा टाकला त्यांच्यापुढे. "दावा परत खाली गेलाय" असं म्हटलं असतं तर त्या निवांत पान लावत बसल्या असत्या.

दिवाणी अपिलातला रिमांड म्हणजे वरच्या कोर्टाने खालच्या कोर्टाचा हुकूमनामा रद्द केला, पण शेवटचा निकाल स्वतः न देता दावा पुन्हा चालवायला खाली पाठवला. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, ऑर्डर ४१, नियम २३ आणि २३-अ. दोन्हीकडे मूळ अर्थ 'परत पाठवणे' हाच. फौजदारीत आरोपी कोठडीत परत जातो, दिवाणीत दावा खालच्या कोर्टात. नवीन दावा लावावा लागत नाही, तो जुन्याच नंबरावर पुन्हा घेतला जातो. आधी नोंदवलेला पुरावाही सहसा वाया जात नाही. दोन्ही बाजूंनी खाली कधी हजर व्हायचं ती तारीख वरच्या कोर्टाने आदेशातच द्यायची असते, नियम २६-अ. रिमांडचा आदेश हातात आला की आधी ही तारीख शोधावी. माणसं घाबरण्यात किंवा हळहळण्यात आठवडे घालवतात, खाली तारीख निघून जाते आणि काम त्यांच्या गैरहजेरीत पुढे सरकतं.

हे सगळं मला पाठ आहे, आणि तरी त्या बाईला धाप लागेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही की मी काय बोलले. संध्याकाळी फार वाईट वाटलं. इतकी वर्षं हे शब्द घोकले ते कोणासाठी? जिची जमीन, तिला नाही कळले तर...

ऐकताना ओळखीचे वाटणारे शब्दच जास्त फसवतात. 'अपील अलाऊड' घ्या. लोकांना वाटतं, कोर्टाने अपील करायची परवानगी दिली, आता केस सुरू होणार. खरं तर अपील संपलेलं असतं आणि अपील करणारा जिंकलेला असतो. अपील मंजूर. नुसतं सुनावणीला घेतलं तर 'अॅडमिट'. त्याच संहितेच्या कलम १०० प्रमाणे हायकोर्टात होणारं जे दुसरं अपील, त्यात तर कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न दिसल्याशिवाय हायकोर्ट अॅडमिटच करत नाही. 'डिसमिस्ड' म्हणजे फेटाळलं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. मात्र त्याच्यापुढे 'फॉर डिफॉल्ट' असेल तर गुणदोषावर काहीच ठरलेलं नाही, फक्त पुकारा झाला तेव्हा कोणी उभं नव्हतं. तीस दिवसांत कारण दाखवून अर्ज केला तर अपील पुन्हा बोर्डावर येऊ शकतं. हे दोन शब्द न वाचता घरी जाऊन रडलेली माणसं आहेत. मोबाईलवर 'डिस्पोज्ड' दिसतं त्याचा अर्थ निकाली, एवढाच. कोण जिंकलं ते त्यात नसतं.

म्हणून निकालपत्र शेवटून वाचायला शिकावं. शेवटी 'ऑर्डर' असं लिहून त्याखाली चारसहा ओळी असतात. 'इम्प्यून्ड जजमेंट' म्हणजे ज्याच्याविरुद्ध अपील आहे तो निकाल. 'सेट असाइड' म्हणजे बाजूला ठेवला नाही, रद्द केला. 'लीव्ह' म्हणजे रजा नव्हे, परवानगी.

'स्टे' सगळ्यांना येतो, पण अर्धाच. नुसतं अपील दाखल झाल्याने हुकूमनामा थांबत नाही. स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो आणि त्यावर आदेश व्हावा लागतो, नाहीतर समोरच्याची दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचं काम, चालू राहते.

अपिलाची मुदत तालुक्याच्या कोर्टातून जिल्ह्याला तीस दिवस, जिल्ह्यातून हायकोर्टात नव्वद. निकालाच्या नकलेसाठी लागलेले दिवस त्यातून वजा होतात, म्हणून नकलेवरच्या शिक्क्यातल्या तारखा बघायच्या: अर्ज कधी, नक्कल तयार कधी. तयार झालेली नक्कल आपणच उशिरा उचलली तर ते दिवस आपल्याच खात्यावर. मग विलंब माफीचा अर्ज.

आणि वर जावं तितकी भाषा दूर जाते. तालुक्याला जबाब मराठीत होतो. हायकोर्टाचं काम, संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे, इंग्रजीत. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गाची कामं हायकोर्टाच्या कोल्हापूर सर्किट बेंचपुढे जाऊ लागली, मुंबईची रात्रीची गाडी धरायची वेळ टळली, घाट चढला की झालं. भाषेचा घाट मात्र आहे तेवढाच आहे.

आता रात्री जरा शांतपणे विचार करते तर वाटतं, दावा, वकील, जामीन, कैफियत हे शब्द तरी कुठे आपले होते? अरबी-फारसीतून आले आणि काकींच्या तोंडी इतके बसले की 'दावो लावलंय' म्हणताना कोणी अडखळत नाही. अपील बसलं, स्टे बसला. रिमांडही बसेल, त्याच्या दोन्ही अर्थांनी. तोवर मी आधी मराठीत सांगेन, मग इंग्रजी शब्द उच्चारेन. कागदावर तो असतोच, त्यांना तो ओळखता यायला हवा.

काकींना निघताना एका कागदावर लिहून दिलं: दाव्याचा जुना नंबर, खालच्या कोर्टात हजर राहायची तारीख, आणि त्याखाली मोठ्या अक्षरात 'रिमांड = दावा परत खाली, झिल घरीच'. त्यांनी तो मुलाकडून दोनदा वाचून घेतला आणि रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला.