एकपट

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या फोनने हात टेकले. जागा संपत आली आहे, काहीतरी काढून टाका, असं तो दोन महिने विनवत होता आणि मी ‘नंतर’वर बोट ठेवून पुढे जात होते. मग एका रात्री साधा एक फोटो काढता येईना, तेव्हा बसले. नाहीतरी ते दिवस आवराआवरीचेच असतात.

मोठमोठे व्हिडिओ पहिल्या पाच मिनिटांत गेले. खरं तर तिथे काम झालं होतं. पण एकदा पुसायला घेतलं की हात थांबत नाही. तशीच पुढे पुढे जात मी आत्याच्या निरोपांपाशी पोचले. आत्या टाइप करत नाही. ‘ती मुंगीएवढी अक्षरं शोधत बसायला मला वेळ नाही,’ म्हणते आणि मग चार-चार मिनिटं बोलते. वर्षभरात तिचे असे बेचाळीस निरोप साठले होते. त्यातला एक तर अकरा मिनिटांचा.

हे सगळे मी ऐकलेले होते. दुप्पट वेगाने.

२०२१ मध्ये व्हॉट्सॲपने ती सोय आणली. निरोप चालू असताना शेजारच्या आकड्यावर बोट ठेवलं की दीडपट, पुन्हा ठेवलं की दुप्पट. जुन्या टेपरेकॉर्डरसारखा आवाज चिरका होत नाही. आवाज त्याच माणसाचा राहतो, फक्त ते माणूस कुणीतरी पाठीस लागल्यासारखं बोलतं. म्हणून तर फसायला होतं. आठवडाभरात मला त्याची सवय झाली आणि महिनाभरात साधा वेग असह्य वाटायला लागला. समोर बसलेला माणूस बोलत असताना त्याच्या कानाशेजारी तो आकडा आहे का, हे मी मनातल्या मनात शोधलेलं आहे.

तर त्या रात्री, कुठला पुसावा म्हणून मार्चमधला एक निरोप लावला आणि सवयीने वेग वाढवायला गेलेला अंगठा एकदा जास्त पडला. दोननंतर पुन्हा एक येतो. आत्या तिच्या स्वतःच्या वेगाने बोलायला लागली.

आधी खुर्ची सरकल्याचा आवाज. मग खाकरणं. ‘हं. ऐकतेयस ना गं?’ जणू मी समोर बसले होते. मला मान हलवायला तिने वेळही दिला. मग गुडघ्याचं झालं, शेजारच्या मांजरीचं झालं, हरवलेला चष्मा चष्म्याच्याच डबीत सापडल्याचं झालं. गमतीची गोष्ट सांगायच्या आधीच ती हसायला लागते. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं आणि मी ते विसरले होते, कारण दुपटीत ते हसू उचकीसारखं निघून जातं. शेवटी म्हणाली, ‘तू कामात असशील.’ आणि गप्प. मला वाटलं, संपलं. पण पट्टीवरचा ठिपका अजून सरकत होता. चार सेकंद काहीच नाही, नुसती पंख्याची घरघर. मग ‘असो’, आणि निरोप संपला.

त्या चार सेकंदांत ती काहीतरी विचारत होती. मार्चमध्ये मी त्यांचे दोन केले होते, आणि बहुधा तेही पुरते न ऐकता अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळी झाले होते. खाली सरकवून पाहिलं. अंगठाच होता.

यातली गंमत अशी, की सरत्या वर्षाचा माझा एकुलता एक संकल्प ‘हळू व्हायचं’ हाच होता. वहीच्या पहिल्या पानावर तो लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत. ती वही त्याच रात्री शोधून काढली. जानेवारीतलं अक्षर बघत राहावं असं आहे. वेलांट्या पुऱ्या वळलेल्या, काने ताठ, प्रत्येक शब्दावर शिरोरेघ. फेब्रुवारीत ती रेघ शब्दाच्या मध्येच सुटते. मार्चमध्ये नाहीशी होते. एप्रिलमध्ये शब्दही अर्धे राहतात आणि मेपासून वही कोरी. मोडी लिहिणारे यात हुशार. ते आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढून घेत आणि मग शक्यतो हात न उचलता तिच्याखाली अक्षरं लटकवत जात. पळायचं तर निदान छप्पर आधी घालून घ्यायचं. माझ्या घाईला तेवढंही नव्हतं.

हळू होण्यासाठी मी काय काय केलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. पहाटे उठायचं ठरवलं, म्हणजे दिवसात आणखी कामं बसवता येतील. ध्यानासाठी एक ॲप घेतलं, श्वासासाठी दुसरं, आणि आपण किती शांत झालो ते मोजायला तिसरं. ध्यानाची ध्वनिफीत वीस मिनिटांची होती. चौथ्या दिवशी मी ती दीडपटीवर लावली. ‘सावकाश श्वास आत घ्या’ हे कानात शिरेपर्यंत ‘सोडा’ आलं. तेरा मिनिटांत शांत होऊन मी उठले, आणि वाचलेल्या सहा-सात मिनिटांत काय केलं म्हणाल, तर फोन बघितला.

पाणी सोडून केलेला संकल्प आणि फेब्रुवारीत टाकून दिलेला संकल्प, दोन्हींना मराठीत क्रियापद एकच: सोडणे. भाषेला माणसं चांगली ओळखता येतात.

माझा भरवसा होता तो २१ या आकड्यावर. कुठलीही गोष्ट २१ दिवस केली की अंगवळणी पडते, असं इतक्या ठिकाणी वाचलं होतं, की बाविसाव्या दिवशी मी आपोआप संथ होऊन उठेन असं धरून चालले होते. हा आकडा बऱ्याच अंशी मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनकडून आला. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस तरी लागतात, असं त्यांनी १९६० मध्ये लिहिलं. पुढे सांगणाऱ्यांनी ‘किमान’ गाळला. वेळ वाचवला असणार. २००९ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी ९६ जणांना एकेक नवी सवय लावून घ्यायला सांगितलं आणि लक्ष ठेवलं, तर ती रुळायला सरासरी ६६ दिवस लागत होते. कुणाला १८ पुरले, तर कुणाचा हिशेब २५४ पर्यंत गेला. अधेमधे एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. ही ओळ मला जानेवारीत भेटायला हवी होती. एक दिवस चुकला की मी अख्खा आठवडा बाद धरत असे.

आणि या सगळ्याला मुहूर्त तरी कुठला निवडावा! जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, आणि जवळ म्हणून तिचा वेगही वर्षातला सर्वांत जास्त, सेकंदाला सुमारे ३०.३ किलोमीटर. जुलैच्या सुरुवातीला ती लांब गेली की तो २९.३ वर येतो. म्हणजे ‘आता जरा दमानं घ्यायचं’ असं आपण वळणदार अक्षरात लिहीत असतो तेव्हा पायाखालची जमीन धूम पळत असते. हा संकल्प खरं तर जुलैत सोडायला हवा.

स्वतःभोवती फिरताना मात्र हीच पृथ्वी थकत चालली आहे. चंद्र समुद्राला ओढतो, भरती-ओहोटीचं पाणी घासत राहतं, आणि शंभर वर्षांत दिवस सरासरी जेमतेम दोन मिलिसेकंदांनी लांबतो. अणुघड्याळांना तेवढंही खपत नाही. म्हणून १९७२ पासून अधूनमधून घड्याळात एक जादा सेकंद घालावा लागला, एकूण २७ वेळा. शेवटचा घातला तो ३१ डिसेंबर २०१६ ला. जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे त्या वर्षाचं शेवटचं मिनिट ६१ सेकंदांचं होतं. साऱ्या जगाला फुकट मिळालेला एक सेकंद. मी त्याचं काय केलं? आठवत नाही. कुणाच्या तरी आलेल्या शुभेच्छा दुसऱ्या कुणाला तरी पुढे ढकलत असेन. आता ही पद्धतही २०३५ पर्यंत मोडीत काढायचं २०२२ मध्ये ठरलं आहे. पृथ्वीसाठी थांबायला घड्याळांना सवड नाही, आणि मी आत्याला नावं ठेवत होते, की ती फार लांबण लावते.

सवड, उसंत, निवांतपणा असे चांगले चांगले शब्द आपल्याकडे आहेत. मला त्यातला ‘सावकाश’ आवडतो. तो नीट उघडून पाहिला तर त्यात ‘हळू’ कुठेच नाही. स-अवकाश. मधे मोकळी जागा असलेलं. घराबाहेर पडणाऱ्याला आपण ‘सावकाश जा’ म्हणतो तेव्हा त्याने रेंगाळत जावं असं थोडंच म्हणायचं असतं. जागा संपली आहे, असं फोन दोन महिने सांगत होता, तो काही अगदीच खोटं बोलत नव्हता.

ते बेचाळीस निरोप मी एकपटीने ऐकले. पुरे दोन तास पन्नास मिनिटं भरले, चार रात्री लागल्या. सगळे काही ऐकण्यासारखे होते अशातला भाग नाही. त्या मांजरीत माझा जीव अजूनही रमलेला नाही. पण मे महिन्यातल्या एकात, दोन वाक्यांच्या मधे, आवाज किंचित खाली आणून ती म्हणाली होती, ‘परवा जिन्यात पाय सरकला. काही नाही, थोडंसंच.’ आणि लगेच दुसरा विषय. दुपटीत हे वाक्य होतंही की नव्हतं कोण जाणे. मला ते नवीन होतं. मी घड्याळ न बघता फोन लावला.

‘ते होय!’ आत्या म्हणाली. ‘ते मे महिन्यातलं. कधीच बरं झालं.’

‘मला माहीतच नव्हतं.’

‘सांगितलं होतं की तुला.’

यावर मी काय बोलणार? तुझं बोलणं मी अर्ध्या वेळात उरकते, हे सांगायचं धैर्य झालं नाही. तीच पुढे म्हणाली, ‘तुझे निरोप मी दोनदा ऐकते बाई. पहिल्यांदा काही कळतच नाही. इतकी भराभर बोलतेस.’

गणितात मी कच्ची, पण हा हिशेब तिथल्या तिथे झाला. माझ्या एका मिनिटाला ती दोन मिनिटं देत होती आणि तिच्या एका मिनिटाला मी अर्धं.

तेव्हापासून माझं पार परिवर्तन वगैरे झालेलं नाही. कुणाशी फोनवर बोलताना दुसऱ्या हाताने कपड्यांच्या घड्या घालायच्या नाहीत, एवढं ठरवलं आहे आणि पाचातून तीनदा ते जमतं. दुसऱ्याचं वाक्य आपणच पुरं करून टाकायची खोड आहे, ती जाता जात नाही. आणि हळू व्हा, हळू व्हा, हा उपदेश मला अजूनही आवडत नाही. ज्यांचा दिवस दुसऱ्या कुणाच्या घड्याळाने चालतो त्यांना तो करणं म्हणजे चेष्टा आहे. शिवाय काही गोष्टी जोरात पळवण्याच्याच लायकीच्या असतात. आमच्या बैठकींची ध्वनिमुद्रणं चौपटीने ऐकायची सोय निघाली तर मी तिला पैसे मोजायला तयार आहे.

३१ तारखेला रात्री मीच आत्याला निरोप पाठवायला बसले. ठरवून सावकाश. बटण दाबून धरलं आणि लक्षात आलं, की दोन वाक्यांच्या मधे मला थांबताच येत नाही. थांबलं की वाटतं, पलीकडचं माणूस उठून जाईल. पहिला पुसला. दुसरा पुसला. तिसऱ्याला खुर्ची ओढून नीट बसले, खाकरले, ‘ऐकतेयस ना गं?’ असं विचारून तिला मान हलवायला वेळ दिला. सांगण्यासारखं विशेष काही नव्हतं. खिडकीच्या बिजागरीचं सांगितलं, वहीतल्या अक्षराचं सांगितलं. मार्चमधल्या त्या चार सेकंदांना उत्तर द्यायचं मनात होतं. ते शब्दांत जमलं नाही, तेव्हा नुसतीच थोडा वेळ गप्प राहिले आणि ‘असो’ म्हणाले. पाच मिनिटं चाळीस सेकंद.

उत्तर सकाळी आलं. नऊ सेकंदांचं. इतका छोटा निरोप तिने आजवर कधी पाठवला नव्हता, आणि तोही तिच्या मानाने फारच भराभर.

‘अगं, काय झालंय तुला? बरं नाहीये का? इतकी हळू का बोलतेयस? थांब, मी फोनच लावते.’