वाटीतले 20 मिली

मे महिन्यातली दुपार होती. माण तालुक्यातल्या एका वाडीवरून सहा दिवसांची मुलगी घेऊन तिची आई आणि आजी आल्या. वडील पिकअप चालवतात, ते गाडी लावून मागून आले. मी जिल्हा रुग्णालयातल्या एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या कक्षात, ड्यूटीवर होते. तक्रार एवढीच, की बाळाचं अंग गरम लागतंय.

"लई गुणी हाय बघा पोर, सिस्टर," दुपटं सोडता सोडता आजी म्हणाल्या. "रडत म्हणून न्हाई. निस्ती झोपून असती."

सहा दिवसांचं बाळ भुकेला रडत नाही हे ऐकलं, की माझे हात आपोआप भरभर चालायला लागतात. या वयाच्या बाळानं दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा प्यायला उठायला पाहिजे. मी लंगोट सोडला. जवळजवळ कोरडा. मधोमध तांबूस-केशरी डाग.

"ते रगात हाय का वो?"

रक्त नव्हतं. लघवी फार घट्ट झाली की त्यातले क्षार असे विटकरी रंगाचे उतरतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत असा डाग दिसला तर आम्ही फार मनावर घेत नाही. सहाव्या दिवशी दिसला, तर बाळाच्या पोटात दूध जात नाही असं समजायचं. सकाळपासून किती लंगोट ओले झाले विचारलं. "ह्यो एकच." या वयाला चोवीस तासांत किमान सहा हवेत.

वजनकाट्यावर ठेवलं. 2400 ग्रॅम. डिस्चार्ज कार्डावर जन्माचं वजन होतं 2800. जन्मानंतर वजन सगळ्याच बाळांचं उतरतं. साधारण सात टक्क्यांपर्यंत काळजी नसते. दहा टक्क्यांच्या पुढे गेलं, की बाळाचं पिणं नीट तपासावं लागतं. हिचं चौदा टक्के उतरलं होतं. टाळू किंचित आत गेलेली, तोंड कोरडं, ताप 38 अंश. डॉक्टरांनी रक्त काढायला सांगितलं. जंतुसंसर्गाची तपासणी पाठवली, कावीळ पाहिली, सोडियम पाहिलं. सोडियम आलं 154. ते 145 च्या आत असायला हवं. शरीरातलं पाणी आटलं, की रक्तातलं मीठ वाढतं, बाळ आणखी गळतं, गळालेलं बाळ ओढून पीत नाही, आणि न प्याल्यानं पाणी आणखी आटतं. घरच्यांना दिसतं ते एक शांत, गुणी बाळ.

सोडियम चढलं म्हणून घाईघाईनं पाणी भरायचं नसतं. ते झपाट्यानं उतरलं तर मेंदूला सूज येऊन झटके येऊ शकतात. बाळ हलवल्यावर डोळे उघडत होतं आणि गिळतही होतं, म्हणून डॉक्टरांनी सलाईनऐवजी तोंडानं, मोजून दूध द्यायचं ठरवलं: दर दोन तासांनी 30 मिली. आईचं किती येतंय ते आधी बघा, उरलेलं वरचं.

मी आईला खुर्चीत बसवलं. पांढरीफटक पडली होती पोरगी. तिच्या कागदांत सगळं लिहिलेलं होतं: बाळंतपणानंतर खूप रक्तस्राव, दोन पिशव्या रक्त चढवलेलं, हिमोग्लोबिन 7.2. बाळ पहिल्यांदा छातीला लागलं ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

"पान्हा फुटला का गं? छाती जड झाली, ठणकली, दूध गळलं?"

"नाही. मला वाटलं हळूहळू येत असंल."

पहिले दोन-तीन दिवस घट्ट पिवळा चीक येतो. तो थोडाच असतो, पण बाळाचं पोटही तेवढंच असतं, त्याला तो पुरतो. मग बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत छाती भरून येते. ज्या बाईचं रक्त खूप गेलंय, तिचं हे लांबतं. कधी कधी बरंच लांबतं. यात तिचा काय दोष? पण सहा दिवस तिला घरात एकच ऐकवलं जात होतं, नीट खात नाहीस म्हणून दूध येत नाही. सासूबाईंनी हळिवाचे लाडू करून पाठवले होते. हळीव चांगलाच, त्यात लोह असतं, रक्त गेलेल्या बाईनं तो जरूर खावा. मात्र दूध वाढतं ते बाळ चोखून छाती रिकामी करतं तेव्हा. आणि या बाळात चोखायचं बळ उरलं नव्हतं.

आम्ही बाळाला आहे त्याच कपड्यांत पुन्हा काट्यावर ठेवलं, आकडा लिहिला आणि छातीला लावलं. मी जबड्याकडे बघत बसले. बाळ चोखत असतं तेव्हा जबडा भरभर, उथळ हलतो. दूध गिळायला लागलं की हालचाल खोल, संथ होते, मध्ये क्षणभर थांबते आणि 'क्' असा बारीक आवाज येतो. हिचा जबडा हलत होता आणि आवाज येत नव्हता. तळपाय चोळले, छाती हातानं दाबून दूध पुढे ढकललं, तेव्हा कुठे चार घोट गेले. दोन्ही बाजूंना पाजून झाल्यावर त्याच कपड्यांत वजन केलं. 10 ग्रॅम वाढ. म्हणजे आईचं साधारण 10 मिली गेलं. 20 मिली वरचं लागणार होतं.

इथे दुसऱ्या आईचं दूध मिळालं असतं तर आम्ही तेच दिलं असतं. आशियातली पहिली दुग्धपेढी मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात 1989 साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. तिथे दान आलेलं दूध 62.5 अंशांवर अर्धा तास तापवून, तपासून बाळांना देतात. पण दान आलेल्या दुधावर पहिला हक्क दिवसांआधी जन्मलेल्या इवल्या बाळांचा असतो, आणि आम्हाला त्या संध्याकाळी ते मिळण्यासारखं नव्हतं. आमच्या कक्षात पावडरचा डबा ठेवत नाहीत. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहून दिलं तरच तो आणायचा. त्यांनी लिहून दिलं आणि वडील मेडिकलमधून डबा घेऊन आले.

डबा बायकोच्या हातात देण्याआधी त्यांनी तो फिरवून वाचला. आपल्याकडे 1992 च्या कायद्यानं या डब्यावर बाळाचं चित्र छापायला बंदी आहे आणि आईचं दूध बाळासाठी सर्वोत्तम असल्याची सूचना ठळक छापावी लागते. ती वाचून ते सरळपणे म्हणाले, "सिस्टर, यावरच लिहिलंय की आईचंच चांगलं. मग हे का द्यायचं?"

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण ती ऐकत होती. इतका वेळ न रडलेली ती बाई तिथे रडायला लागली.

त्या कायद्याच्या बाजूनं मी कुणाशीही वाद घालीन. माझ्या कामातला मोठा भाग नको असलेले डबे थांबवण्यात जातो. 'दूध पुरत नाही' म्हणणाऱ्या बहुतेक बायांना दूध पुरत असतं. बाळ संध्याकाळी किरकिर करतं, छाती मऊ लागते, शेजारीण काहीतरी बोलते, आणि घरात डबा येतो. मग बाळाचं पोट वरच्या दुधानं भरलेलं, ते छातीला कमी लागतं, आणि आठवड्याभरात दूध खरोखरच कमी होतं. हे मी इतक्यांदा पाहिलंय, की डबा बघितला की माझ्याही कपाळाला आठी पडते. पण काट्यावर चौदा टक्के उतरलेलं बाळ समोर असताना 'नुसतं पाजत राहा, येईल दूध' म्हणणं हा त्या बाळावर अन्याय आहे. मी तिच्याजवळ स्टूल ओढून बसले.

"हे बघ, हे 20 मिली औषध आहे. डॉक्टरांनी लिहून दिलंय, माप ठरलंय, आणि कमी कसं करायचं तेही ठरलंय. तुझं दूध यायला उशीर होतोय, तोवर पोरीच्या अंगात ओढायचं बळ राहिलं पाहिजे. बळ राहिलं तरच ती तुझं दूध आणील."

मग दूध कसं कालवायचं ते दाखवलं. यात मी कधी घाई करत नाही. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून पाणी उकळून घ्यायचं आणि ते चांगलं कढत, निदान 70 अंश असतानाच पावडर घालायची. म्हणजे उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत. आधी मोजून पाणी, मग पावडर. आणलेल्या डब्यावर 30 मिली पाण्याला एक चमचा लिहिलं होतं. चमचा डब्यातलाच, सपाट भरलेला, दाबून नाही. पावडर आधी घालून वरून खुणेपर्यंत पाणी ओतलं तर पाणी कमी पडतं आणि दूध घट्ट होतं, आणि या बाळाचं मीठ आधीच चढलेलं. नंतर भांडं गार पाण्यात धरून दूध कोमट करायचं, मनगटावर थेंब टाकून बघायचं. उरलेलं ठेवायचं नाही.

आजी हे सगळं बघत होत्या. "उन्हाळ्याचं एवढं घट दूध पचंल का? म्या तर दुप्पट पाणी घातलं असतं."

आजी असं म्हणतात त्याच्यामागे माया असते, आणि कधी कधी पैसाही. 400 ग्रॅमचा डबा, बाळ पूर्ण वरच्या दुधावर असेल तर आठवडाभर जेमतेम पुरतो. तो महिनाभर पुरवायचा म्हणून घराघरांत पाणी वाढवतात, आणि पोट भरलेलं दिसणारं बाळ वाढत नाही. मी आजींना तसं स्पष्ट सांगितलं. वडिलांनाही विचारलं, डबा परवडणार आहे ना. ते म्हणाले, बघू, करू. तेव्हा त्यांना सांगितलं की हिच्या छातीला जितकं जास्त लावाल तितका डबा कमी लागेल. त्या दिवसातला माझा हाच सल्ला त्यांना सगळ्यात पटला असावा, कारण नंतर रात्रभर बायकोला उठवायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

पहिलं वरचं दूध वाटी-चमच्यानं दिलं. बाटली आम्ही देत नाही. ती स्वच्छ ठेवणं अवघड, आणि बाटलीचं बोंड सहज वाहतं, त्याची सवय लागली की बाळ छातीशी कुरकुर करतं. पुढच्या वेळी बाळ थोडं जागं होतं, म्हणून नळी लावली. पाच नंबरची बारीक फीडिंग ट्यूब घ्यायची, एक टोक आईच्या स्तनाग्राजवळ चिकटपट्टीनं लावायचं, दुसऱ्या टोकाला दट्ट्या काढलेली सिरिंज, तिच्यात 20 मिली दूध. बाळ छातीला लागलं, की छातीतलं आणि नळीतलं दूध एकदमच तोंडात येतं. सिरिंज वर धरली की दूध जास्त वाहतं, खाली घेतली की कमी.

मी सिरिंज धरून उभी होते. बाळानं दोन-तीनदा ओढलं, आणि दूध तोंडात आलेलं कळताच त्याचे डोळे टक्क उघडले. जबडा खोल हलायला लागला. गिळण्याचा तो बारीक आवाज एकामागून एक यायला लागला. आजी वाकून बघत होत्या. "पितीया की गं!" सिरिंजमधलं दूध उतरताना दिसत होतं, पण आईचं तिकडे लक्षच नव्हतं. ती पोरीच्या तोंडाकडे बघत होती. पाजून झाल्यावर तिनं पहिल्यांदाच आपणहून विचारलं, "पुढचं कधी पाजायचं?"

यानंतरचा क्रम ठरलेला. दर दोन तासांनी आधी छाती, मग मोजलेलं वरचं, मग हातानं दूध पिळून काढणं. पहिल्यांदा पिळलं तेव्हा वाटीचा तळ ओला झाला इतकंच. ते थेंबही चमच्यात घेऊन बाळालाच दिले, डब्यातल्या दुधाच्या आधी. रात्रीचं पाजणं चुकवायचं नाही हे मी तिला बजावलं, कारण दूध तयार करणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. "बाळंतिणीला झोप नको का?" असं आजी म्हणाल्या, ते खरंच होतं. म्हणून दिवसा आजींनी बाळ सांभाळायचं आणि पोरीनं पाजण्या-पिळण्याशिवाय काही करायचं नाही असं ठरलं. तिला लोहाच्या गोळ्या आधीच चालू होत्या, त्या तशाच चालू ठेवल्या.

दोन दिवसांत सोडियम हळूहळू 144 वर आलं. ताप गेला, संसर्गाचा रिपोर्टही निगेटिव्ह आला. वजन 2550. आणि तिसऱ्या दिवशी पहाटे तिनं मला हाक मारली. ब्लाऊज दोन्ही बाजूंना ओला झाला होता. ती घाबरून विचारत होती की हे बरोबर आहे ना. त्या पाजण्याला काट्यानं 25 ग्रॅम दाखवले.

घरी सोडताना सगळं कागदावर लिहून दिलं: दिवसातून सहा वेळा वरचं, प्रत्येक वेळी छातीनंतरच. आशाताई नवजात बाळाच्या भेटींना घरी येतातच, त्यांना मी फोनवर सांगून ठेवलं. वजन दिवसाला 25-30 ग्रॅमनं वाढतंय, लंगोट ओले होताहेत असं दिसलं तर एक वेळचं वरचं बंद, तीन-चार दिवस थांबायचं, पुन्हा वजन. वाढ मंदावली तर मागच्या मापावर परत. दोन आठवड्यांची होईतो पोरगी जन्माच्या वजनाला पोचली.

दीड महिन्याच्या लसीला ते आले तेव्हा वजन 3600 होतं आणि वरचं दोन वेळेवर आलं होतं. आईनं मला बाजूला घेऊन विचारलं, "सहा महिने फक्त अंगावरचं पाजा म्हणतात. माझं ते झालं नाही. काही कमी राहील का तिच्यात?" मी तिला जे खरं आहे ते सांगितलं. जेवढं तुझं दूध जातंय, तेवढा त्याचा फायदा तिला मिळतोय. थोडं वरचं देतेस म्हणून तुझं दिलेलं वाया जात नाही.

साडेतीन महिन्यांच्या लसीपर्यंत एक वेळचं बंद झालं, दुसरं झालं नाही. संध्याकाळचं. त्या वेळी तिचं दूध कमी पडायचं, आणि ते बंद केलं की वजन अडायचं. तिला ते अजून सुटावं असं वाटत होतं, आणि नवीन काही उपाय आहे का म्हणून ती विचारत होती. मी म्हटलं, ते राहू दे. रात्रीचं सगळं अंगावरचंच ठेव, संध्याकाळचं चालू दे. गाडी लावून आल्यावर हातपाय धुऊन ते एक वाटीचं दूध बाळाचे वडील पाजतात, आणि ते मापानंच कालवतात, हे आजींनीच मला सांगितलं.