तुम्ही विचारलंत म्हणून: उपग्रह असताना माती कशाला खणायची?

‘वरून उपग्रह जमिनीची ओल मोजतो, मग माणसं डबे घेऊन शेतात का फिरतात?’ हा प्रश्न ठरलेला. खरं म्हणजे उपग्रह ओल मोजतच नाही. जानेवारी 2015मध्ये नासाने सोडलेला स्मॅप जमिनीतून आपसूक निघणाऱ्या क्षीण सूक्ष्मलहरी टिपतो, 1.41 गिगाहर्ट्‌झच्या. माती कोरडी असली की त्या जोरात येतात, भिजली की मंदावतात. बाकी सगळा हिशेब, आणि तो जुळतो का, हे मातीलाच विचारावं लागतं.

त्यासाठीच, उपग्रह सोडण्याआधी, 2012च्या उन्हाळ्यात कॅनडातल्या मॅनिटोबात मोहीम झाली. वर विमानात तशीच उपकरणं, खाली शेतांत माणसं. एकीकडे भारी चिकणमाती, दुसरीकडे रेताड.

खालचं काम असं. 100 घनसेंटिमीटरची पोलादी रिंग, साधारण 5 सेंटिमीटर उंच, मातीत सरळ दाबायची. कडेने खणून अलगद काढायची, दोन्ही तोंडं सुरीने सपाट करायची, माती डब्यात घालून झाकण घट्ट लावायचं. वजन करून 105 अंशांवर 24 तास ओव्हनमध्ये, मग पुन्हा वजन. डब्याचं वजन वजा जाता आधी 172 ग्रॅम, नंतर 142, तर पाणी 30 ग्रॅम, म्हणजे 100 घनसेंटिमीटर मातीत 30 घनसेंटिमीटर पाणी, ओल 0.30. स्मॅपचं ठरलेलं उद्दिष्ट आहे 0.04ची चूक, म्हणजे या रिंगेत जेमतेम 4 ग्रॅम पाणी! झाकण सैल राहून डबा उन्हात पडला, तर त्यातलं बरंचसं तिथेच उडतं. रिंग हातोडीने ठोकली तर माती दबते आणि आकडा फुगतो. वर 4 मिलिमीटर रिकामी राहिली तर 0.30चे 0.28 होतात.

एवढे डबे सगळीकडे शक्य नसतात, म्हणून विजेवर चालणारा प्रोब, म्हणजे ओल मोजणारं काट्यांचं उपकरण, मातीत खुपसतात. पण त्याच्या आकड्यावरून ओल काढायचं कारखान्याने दिलेलं गणित भारी मातीला लागू पडत नाही. आपल्या काळ्या मातीसारखी ती सुकून भेगाळते. भेगेत काटा गेला की हवा मोजली जाते, आणि आकडा खोटा कोरडा येतो. क्षार असतील तर उलट. म्हणून प्रत्येक मातीसाठी प्रोब रिंगेशी ताडून घ्यायचा. सरी-वरंब्याच्या शेतात फक्त माथ्यावर मोजणं हा माझ्या मते सर्वांत वाईट आळस.

पिकातलं पाणीही लहरी अडवतं, त्यामुळे मका कापून, तोलून, वाळवून पुन्हा तोलावा लागतो.

स्मॅपवर स्वतः लहरी सोडणारं रडारही होतं, ते जुलै 2015मध्ये बंद पडलं. उरलेल्या, जमिनीच्या लहरी टिपणाऱ्या उपकरणाचा एक ठिपका सुमारे 40 किलोमीटरचा, म्हणजे आपले एक-दोन तालुके. एका शेताचा आकडा त्याच्याशी भिडवू नये. विखुरलेल्या अनेक शेतांची सरासरी लागते. वेळही जुळावी लागते. उपग्रह सकाळी सहाच्या सुमारास जातो, कारण तेव्हा माती आणि पीक जवळपास सारख्याच तापमानाला असतात. नऊला सर आली, तर त्यानंतरचे डबे त्या फेरीसाठी बाद.