शिरढोणचा कारकून

पनवेलहून पेणला जाताना कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण लागतं. आई होती तोवर दर शनिवारी त्या एसटीत मी असायचेच. हे वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव, एवढं शाळेपासून पाठ होतं. पण तेही माझ्यासारखेच हिशेबाच्या कचेरीत कारकून होते, हे मनाला भिडलं ते आई गेल्यावर.

पुण्यात मिलिटरीच्या फायनान्स खात्यात ते नोकरीला होते. आई आजारी असल्याचं कळलं, रजेचा अर्ज दिला, रजा मिळाली नाही. घरी पोचले तेव्हा आई गेलेली होती. मलाही त्या आठवड्यात सांगितलं होतं, "मार्चअखेर आहे, सोमवारनंतर बघू." मी रविवारीच निघाले. दारात शेजारच्या काकूंनी काही न बोलता माझ्या हातातली पिशवी काढून घेतली, तेव्हाच समजले.

म्हणूनच 'रजा नाकारली आणि फडके बंडखोर झाले' असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. ती गोष्ट १८७० च्या सुमाराची, बंड १८७९ चं. मधली वर्षं बघा ना! रानड्यांची व्याख्यानं ऐकून देशातला पैसा बाहेर कसा जातो ते त्यांनी समजून घेतलं. भावे आणि इंदापूरकरांबरोबर पुण्यात शिक्षणसंस्था काढली. मग १८७६-७७ चा दुष्काळ पडला. ते गावोगाव हिंडले, उपाशी माणसं डोळ्यांनी पाहिली. त्यानंतर रामोशी, कोळी, धनगर सोबतीला घेऊन हत्यार उचललं. शिरूरकडच्या धामारीवर पहिला छापा घातला, तो फेब्रुवारी १८७९ मध्ये. सरकारदरबारी ते दरोडेखोर ठरले.

मे महिन्यात फडक्यांचे रामोशी साथीदार दौलतराव नाईक मारले गेले. दौलतरावांचं नाव आपण फार कमी घेतो, याचं मला वाईट वाटतं. जुलैत विजापूरकडे देवरनावडगीला आजारी फडके देवळात झोपेत असताना पकडले गेले. ते रोजनिशी लिहीत. कारकुनाचा हात, नोंद ठेवल्याशिवाय कसा राहील? खटल्यात तीच रोजनिशी त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून आली. सार्वजनिक काकांनी, म्हणजे पुण्याचे वकील गणेश वासुदेव जोशी यांनी, वकीलपत्र घेतलं, पण शिक्षा जन्मठेपेचीच झाली.

त्यांना अरबस्तानातल्या एडनला पाठवलं. तिथल्या तुरुंगात त्यांनी कोठडीचं दार बिजागऱ्यांतून उखडलं आणि बाहेर पडले. अनोळखी मुलुख, पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथेच वारले, वयाच्या ३७ व्या वर्षी. त्या वेळी उशाशी घरचं कुणीही नव्हतं.