कंसातली आत्या

शाळा सोडल्याचा दाखला शोधायला मी कपाटाचा खालचा खण ओढला, तर खणाचा तळच हातात आला. फाइल वरून धडधाकट होती. उघडली तेव्हा आत मातीची एक नागमोडी नळी दिसली आणि तिच्या दोन्ही अंगांनी कागदाला पडलेल्या खाड्या. दाखल्याचा वरचा कोपरा शिल्लक होता. मुख्याध्यापकांची सही होती. "वर्तणूक – चांगली" हे दोन शब्द तर कुणीतरी मुद्दाम वगळून खाल्ल्यासारखे शाबूत होते. माझं नावही होतं. आडनाव तेवढं वाळवीनं खाल्लं होतं, माहेरचं.

मला दाखला हवा होता तो नेमका त्या आडनावासाठी. लग्नाआधीची मी आणि लग्नानंतरची मी या दोन वेगळ्या बायका नाहीत, हे एका कार्यालयाला पटवून द्यायचं होतं. आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं नवं नाव लिहितात. लिहायला अर्धा मिनिट लागतं. निस्तरायला मला चौथा महिना लागला होता.

दुसऱ्या दिवशी पेस्ट कंट्रोलवाला आला. त्यानं टॉर्च मारून कपाट पाहिलं, मग न सांगता स्वयंपाकघरात जाऊन सिंकखाली पाहिलं आणि हिशेब सांगितला. किचनमधल्या झुरळांना जेल, त्याचे वेगळे. वाळवीला भिंतीच्या कडेनं भोकं पाडून औषध सोडणार, त्याचे वेगळे.

"अहो, पण वाळवी म्हणजे झुरळच की," मी म्हटलं.

गिऱ्हाइकं घासाघीस करतात हे त्याला ठाऊक असणार, पण इतक्या थराला जाणारं बहुधा पहिल्यांदाच भेटलं. तो शांतपणे म्हणाला, "असेल ताई. पण रेट वेगळा आहे."

मी थापा मारत नव्हते. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधल्या संशोधकांनी २००७ साली एक निबंध छापला आणि त्याच्या शीर्षकातच एका गणाचा मृत्यू झाल्याचं जाहीर करून टाकलं. मेला तो वाळवीचा गण. आपल्याकडे पत्रिकेत देव, मनुष्य, राक्षस असे गण असतात; कीटकशास्त्रातले गण, म्हणजे नात्यातल्या कीटकांचे मोठे गट, बरेच जास्त, पण तिथेही गणावरून तितकीच भांडणं होतात. वाळवीचा स्वतंत्र गण होता, आयसॉप्टेरा, म्हणजे सारख्या पंखांचे. जनुकं तपासली तेव्हा वाळवीची फांदी झुरळांच्या झाडाच्या थेट मधून फुटलेली निघाली. ती झुरळांची शेजारीण नव्हतीच, घरातलीच होती. एकत्र कुटुंब करून राहायला शिकलेली झुरळं म्हणजे वाळवी. जगातल्या तीनेक हजार जातींचं बिऱ्हाड रातोरात झुरळांच्या गणात हललं, आणि माझ्या कपाटातल्या मंडळींनी त्या रात्रीही कागदच खाल्ला असणार.

संशय जुनाच होता. लाकूड खाणारं एक बिनपंखी झुरळ आहे, सडक्या ओंडक्यात पिल्लांसकट संसार करणारं. नुसतं लाकूड ना त्याला पचतं ना वाळवीला. ते काम दोघांच्या आतड्यातले सूक्ष्मजीव करतात. १९३४ साली क्लीव्हलँड नावाच्या अमेरिकन संशोधकानं दोघांच्या पोटातले हे भाडेकरू ताडून पाहिले, तर ते जवळजवळ एकाच खानदानातले. आता हे भाडेकरू जन्मतः मिळत नाहीत. ते मोठ्यांकडून पिल्लांना मिळतात, मागच्या बाजूनं. (जेवताना वाचत असाल तर क्षमा.) म्हणजे ते मिळायचे तर पिल्लांनी मोठ्यांजवळ राहायलाच हवं. एकत्र कुटुंबाचं मूळ तिथे असावं असं म्हणतात. शिवाय ऑस्ट्रेलियातली एक जुन्या वळणाची वाळवी आजही अंडी सुटी न घालता झुरळासारखी एका गठ्ठ्यात घालते. कुणाच्या तरी चालण्यावरून "अगदी अमक्यांच्यातली दिसते" म्हणणाऱ्या बायका आपल्याकडे असतात ना, तशातलाच हा पुरावा. जनुकांनी पुढे त्यावर शिक्का मारला.

मग मला वाल्मीकी आठवले. वल्मीक म्हणजे वारूळ. आपण त्याला मुंग्यांचं वारूळ म्हणतो, पण शेताच्या बांधावर उभी असतात ती मोठाली मातीची वारुळं वाळवीची. नागपंचमीला पूजा होते तीही त्याचीच. नागोबा तिथे आयत्या बिळावर आलेला. म्हणजे आदिकवींच्या अंगावर वारूळ चढवलं ते, नव्या हिशेबानं, झुरळांच्या एका शाखेनं. हे मी आईला फोनवर सांगितलं. तिनं "बाकी बरं आहे ना?" असं विचारलं.

अर्थात गणांचे गोंधळ पहिल्या दिवसापासूनचे आहेत. सजीवांना शास्त्रीय नावं देऊन त्यांची वर्गवारी लावणाऱ्या स्वीडनच्या लिनियसनं १७५८ साली आपल्या 'सिस्टेमा नातुराए'ची दहावी आवृत्ती काढली. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा शक तिथून सुरू होतो. त्याआधीची नावं धरत नाहीत. त्या ग्रंथात त्यानं झुरळाला बसवलं भुंगेऱ्यांच्या पंक्तीत. आणि वाळवीला बिनपंखांच्या पंक्तीत, म्हणजे उवा, पिसवा, कोळी, विंचू आणि चक्क खेकडे यांच्यासोबत. माझी आजी काही फार मागे नव्हती. तिच्याकडे तीन गण होते: चावणारे, नासणारे आणि "राहू दे गं, देवाचं आहे". तिसऱ्यात मृगाचा किडा यायचा, पहिल्या पावसानंतर मातीत फिरणारा तो लाल मखमलीचा थेंब. त्याला पाय आठ. म्हणजे तो किडा नव्हेच, कोळ्यांच्या नात्यातला. पण लिनियसनं कोळ्यांना उवांच्या पानावर बसवलं, तर आजीला कोण बोलणार?

घरं बदलता येतात. नाव मात्र एकदा ठेवलं की ठेवलं.

आपल्या घरात दोन झुरळं असतात. मोठं, तांबूस, मोरीच्या जाळीतून येणारं आणि ऐन वेळी उडून दाखवणारं, ते अमेरिकन झुरळ. ते आफ्रिकेतलं, जहाजांतून अमेरिकेत गेलं आणि लिनियसनं त्याला 'अमेरिकाना' म्हटलं. दुसरं लहान, डोक्यामागे दोन काळ्या रेघा असलेलं, मिक्सरच्या बुडाशी संसार मांडणारं, ते जर्मन झुरळ. हे नावही लिनियसचंच, १७६७ सालचं. गंमत म्हणजे त्याला आपलं म्हणायला कुणीच तयार नव्हतं: रशियात त्याला प्रशियन म्हणत आणि जर्मनीत रशियन. २०२४ साली १७ देशांतल्या २८१ झुरळांची जनुकं तपासून निकाल आला. मूळ घर भारत किंवा म्यानमार. सुमारे २१०० वर्षांपूर्वी एका रानटी आशियाई झुरळापासून ते वेगळं झालं आणि माणसाच्या घरात शिरलं. आपल्याकडचा सातवाहनांचा काळ तो. तिथून माणसाच्या सामानातून पश्चिमेला गेलं, युरोपात पोचलं, तिथे नाव मिळवलं आणि जगभर पसरलं. म्हणजे माझ्या सिंकखाली आहे तो घरचाच, परदेशी नाव लावून हिंडणारा.

पण आता नाव बदलता येत नाही. पहिलं नाव ते खरं, असा नियम आहे, आणि तो खुद्द लिनियसलाही सुटला नाही. मधमाशीला त्यानं १७५८ साली 'मेलिफेरा' म्हटलं, म्हणजे मध वाहणारी. नंतर त्याच्या लक्षात आलं की माशी फुलातून मध वाहून आणत नाही, फुलातला रस आणून मध करते. १७६१ साली त्यानं दुरुस्ती केली: 'मेलिफिका', मध करणारी. बरोबर नाव, त्याच माणसानं ठेवलेलं, तीन वर्षांत सुधारलेलं. तरीही चालतं ते चुकीचंच, कारण ते आधीचं.

या नियमांतला माझा सगळ्यात लाडका नियम कंसाचा. प्राण्याच्या नावापुढे ते ठेवणाऱ्याचं नाव आणि साल लिहितात. आपल्याकडे बारशाला नाव आत्या ठेवते, तशी ही त्या जातीची आत्या. पुढे कुणी अभ्यास करून ती जात दुसऱ्या प्रजातीत हलवली, म्हणजे तिचं आडनाव बदललं (लॅटिनमध्ये आडनाव आधी येतं), की आत्या कंसात जाते. लिनियसनं अमेरिकन झुरळ 'ब्लाटा' घराण्यात घातलं होतं. १८३८ साली बुरमाइस्टर नावाच्या जर्मन कीटकशास्त्रज्ञानं 'पेरिप्लानेटा' हे नवं घराणं काढलं आणि ते तिकडे गेलं. म्हणून आज लिहितात: पेरिप्लानेटा अमेरिकाना (लिनियस, १७५८). त्या दोन कंसांचा अर्थ एवढाच, की हिला जन्माला कुणी घातलं ते आम्ही विसरलो नाही, पण आता ती त्या घरची नाही. कंसमामा आपण लहानपणापासून ऐकतो. कंसातली आत्या मला चाळिशीत भेटली.

घर बदललं की लिंगही बदलावं लागतं, कारण लॅटिनमध्ये विशेषण मराठीसारखंच नामाच्या मागे चालतं: काळा घोडा, काळी घोडी. डेंगी पसरवणाऱ्या दोन डासांपैकी एकाचं वर्णन १८९० च्या दशकात कलकत्त्यातल्या नमुन्यांवरून झालं. नाव 'अल्बोपिक्टस', पांढऱ्यानं रंगवलेला. अनेक वर्षं तो 'एडिस' घराण्यात सुखानं नांदत होता. २००४ साली काही तज्ज्ञांनी ते घराणं फोडून त्याला 'स्टेगोमायिया'त नेलं, आणि स्टेगोमायिया स्त्रीलिंगी, म्हणून तो झाला 'अल्बोपिक्टा', पांढऱ्यानं रंगवलेली. डॉक्टर लोक चिडले. आयुष्यभर एडिस म्हणत आलो, औषधांच्या कागदांवर एडिस आहे, आता हे काय? काही नियतकालिकांनी नवं नाव छापायला सरळ नकार दिला. अखेर २०१५ साली घराणं पुन्हा एक झालं आणि अल्बोपिक्टा पुन्हा अल्बोपिक्टस. माझं मत विचाराल तर मधली अकरा वर्षंच व्याकरण बरोबर होतं. चावते ती मादीच.

आणि हे सगळं नामकरण टांगलेलं असतं कशाला? एका टाचणीला. नवी जात जाहीर करायची तर एक नमुना कायमचा राखून ठेवावा लागतो. त्याच्या टाचणीला बहुधा लाल चिठ्ठी लावतात. पुढे दोनशे वर्षांनी वाद झाला तरी निकाल त्या एका वाळलेल्या किड्याकडे पाहून. किड्याला रानातून पकडणं म्हणजे तो सापडणं नव्हे, हेही मला अलीकडेच कळलं. डार्विननं १८३२ साली अर्जेंटिनात एक भुंगेरा पकडला. तो लंडनला गेला आणि खणात पडून राहिला. अलीकडे एका अभ्यासकानं तो पाहिला तेव्हा कळलं की ही जात, तिची प्रजातीसुद्धा, नवी आहे. नाव ठेवलं डार्विनिलस सेडारिसी, आणि जाहीर केलं २०१४ साली, डार्विनच्या वाढदिवशी. १८० वर्षं तो तिथेच होता. आमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत काय असेल ते मी पाहणार नाही.

दाखल्याचं मात्र पाहावंच लागलं. मी गावी जाऊन शाळेत अर्ज दिला. कारकुनानं आतून जनरल रजिस्टर आणलं, कापडी पाठीचं, हातभर लांब. पान उलटताना त्यानं बोट जिभेला लावलं नाही, स्पंजच्या डबीत बुडवलं, हे मला फार आवडलं. माझी ओळ निघाली. निळी शाई, तिरपं अक्षर, बाबांनी सांगितलेली जन्मतारीख. लाल चिठ्ठी नव्हती एवढंच.

आणि आडनावात वेलांटी चुकलेली होती. दीर्घ हवी तिथे ऱ्हस्व.

"हे चुकलंय हो," मी म्हटलं.

"मूळ नोंद आहे मॅडम. आहे तसंच देतो."

मी वाद घातला नाही. लिनियसला जमलं नाही ते मला काय जमणार? ऱ्हस्व वेलांटीचा दाखला घेऊन आले, पॉलिथिनमध्ये घातला आणि लोखंडी कपाटात ठेवला. पेस्ट कंट्रोलवाल्याची पावतीही त्याच फाइलीत आहे: झुरळ एक, वाळवी एक, दोन वेगळ्या ओळी, दोन वेगळे आकडे.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला त्या संध्याकाळी गॅलरीतल्या ट्यूबलाइटवर ते उडते किडे आले, शेकड्यांनी. वाळवीच त्या, पंख फुटून नवं घर मांडायला निघालेल्या. दिवे घालवले, परातीत पाणी ठेवलं, पोळीवर पडलेला एक चिमटीनं काढला. सकाळी गॅलरीभर नुसते पंख पडले होते. उतरल्यावर त्या पंख मोडून टाकतात. मुळाशी मोडायची जागाच असते तशी.

आठ वर्षांच्या लेकीनं ते मूठभर गोळा केले. कांद्याच्या पापुद्र्यासारखे, तपकिरी झाक असलेले, आत बारीक शिरा. तिनं चार-चार लावून पाहिले: सगळे एकाच लांबीचे. मुंगीचे पुढचे दोन मोठे असतात आणि मागचे लहान, हे मी तिला सांगितलं. मग तिनं एकेक पंख ओल्या बोटानं उचलून मनगटावर चिकटवला, दोन गालांवर, एक कपाळावर टिकलीसारखा.

"मुंगीचे नाहीत, तर मग कुणाचे?"

"वाळवीचे."

"वाळवी म्हणजे काय गं?"

"एक प्रकारचं झुरळ."

बाथरूमचा नळ बराच वेळ चालू होता. मग आतून आवाज आला, "आधी का नाही सांगितलंस?"