उलटे आटे

पुण्यात प्रभात रोडच्या एका गल्लीतून सकाळी साडेसातला फोन आला. "अहो, पंक्चर झालंय, पण चाकच निघत नाहीये." जुन्या गाड्यांच्या कामात असा फोन आला की मी आधी विचारतो, चाकाला नट किती? काका म्हणाले, "एकच. दोन कान असलेला." मी तांब्याचा हातोडा पिशवीत टाकला आणि छोटूला स्कूटरवर मागे बसवलं.

गाडी 1965 सालची एमजीबी, म्हणजे जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार, लाल, आऱ्यांच्या चाकांची. पुढचं उजवं चाक रिमवर बसलेलं. या चाकांना चार-पाच नट नसतात. हबवर उभ्या खाचा असतात, चाक त्यांच्यावर सरकवायचं आणि मधोमध एक मोठा नट आवळायचा. त्यालाच स्पिनर म्हणतात. पान्याऐवजी त्याला दोन कान असतात, हातोड्याने ठोकून काढायचा आणि ठोकूनच लावायचा. शर्यतीत चाक झटपट बदलता यावं म्हणून पहिल्या महायुद्धाच्याही आधी इंग्लंडात ही पद्धत रुळली. पुढे रस्त्यावरच्या माणसाला हे कान लागतील म्हणून अमेरिकेने 1968 पासून नव्या गाड्यांवर ते बंद केले. दिसायला मात्र त्यांच्यासारखं काही नाही.

माझा हातोडा कसब्यातल्या तांबट आळीतून करून घेतलेला आहे. लोखंडाने ठोकलं तर कानांचं भरीत होतं, म्हणून तांब्याचा. ठोकून ठोकून तांबंही कडक होतं. म्हणून वर्षातून एकदा मी तो आळीत नेतो, तिथे तो लाल तापवून पाण्यात बुडवतात की परत मऊ. भांडी घडवणाऱ्यांना हे ठाऊक असतं, गॅरेजवाल्यांना सहसा नसतं.

तर काम सुरू केलं. मागच्या चाकांना उटी लावल्या. हँडब्रेक मागच्याच चाकांवर चालतो, पुढचं चाक धरून ठेवायला काकांना आत बसवून ब्रेक दाबायला सांगितलं. गाडी जॅकवर घेतली नाही, जाम नट हलवताना चाक जमिनीवर टेकलेलं असलेलं बरं. स्पिनर पितळेचा होता, क्रोम उडालेल्या जागी पिवळा दिसत होता. गंज सोडवणारं तेल फवारलं आणि पंधरा मिनिटं चहा प्यायलो.

काकू कट्ट्यावर उभ्या राहून बघत होत्या. मी हातोडा उचलला तशा म्हणाल्या, "अहो, नेहमीसारखं डावीकडे फिरवून बघा ना."

मग काय, मी व्याख्यानच दिलं. काकू, या गाडीला उजव्या बाजूला उलटे आटे असतात. डाव्या बाजूचा स्पिनर साध्या नटासारखा सुटतो, उजवीकडचा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. लक्षात ठेवायला सोपं: गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरतं, त्याच दिशेने ठोकलं की स्पिनर सुटतो. उलट वाटतं, पण त्याला कारण आहे. भाराखाली स्पिनर आणि हब यांच्यातली केसभर फट फिरत राहते आणि स्पिनर दर फेऱ्याला किंचित मागे सरकतो, मनगटावरची सैल बांगडी सरकते तसा. मागे सरकणं म्हणजे आवळणं. चालता चालता तो आपोआप घट्ट राहतो.

काकू "असं होय" म्हणून आत गेल्या.

स्पिनरपासून चाकापर्यंत खडूची एक रेघ मारली आणि ठोकायला लागलो. पंधराव्या ठोक्याला छोटू ओरडला, "दादा, हलला!" रेघ खरंच दोन सूत सरकली होती. उत्साहात अजून वीस ठोके. आणखी एक सूत. मग काहीच नाही. आवाज मात्र बदलला होता. आधी ठप्प यायचा, आता टण्ण. सुटणारा नट असा वाजत नाही, उलट त्याचा आवाज पोकळ होत जातो. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण नियम तोंडपाठ होता ना.

सहज काकांना विचारलं, "हे चाक शेवटचं कधी काढलं होतं?"

"दोन वर्षांपूर्वी पुढचे बेअरिंग बदलले तेव्हा. त्यानंतर हा नट सारखा सैल व्हायचा. आमचा मेकॅनिक येऊन दर वेळी दणकून ठोकून जायचा."

माझा हातोडा खालीच आला. आपोआप आवळणारा स्पिनर सारखा सैल का होईल?

फडक्याने तेल पुसलं. क्रोम पुन्हा चढवताना पॉलिशमध्ये अक्षरं जवळजवळ गेली होती. पण दसऱ्याला लावलेलं कुंकू उरलेल्या खाचांत बसलं होतं आणि तेलाने गडद झालं होतं. एका कानावर लाल अक्षरांत इंग्रजीत लिहिलेलं वाचता आलं: लेफ्ट साइड. पुढे सोडवायच्या दिशेचा बाण, घड्याळाच्या उलट्या दिशेने.

बेअरिंग बदलताना कुणीतरी पुढचे दोन्ही हब अदलाबदल करून बसवले होते. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. दिसायला ते सारखेच, फरक फक्त आट्यांचा. म्हणजे गाडी चालली की स्पिनर सुटायचा, मेकॅनिक आवळायचा, आणि आज मी तासभर घाम गाळून त्याच्यावर कडी केली होती. काकूंनी सांगितलेली दिशा बरोबर होती.

आता हातोड्याचं काम राहिलं नव्हतं. छोटूला भवानी पेठेत टिंबर मार्केटला पिटाळलं. कार्डबोर्डवर स्पिनरचा आकार काढून दिला होता. तो बाभळीची पाच फुटी फळी, तिच्या टोकाला दोन्ही कान बसतील अशी खाच पाडून, स्कूटरवर उभी धरून घेऊन आला. तोवर मी स्पिनरवर चिंध्या गुंडाळून काकूंनी उकळलेलं पाणी ओतत बसलो. पितळ पोलादापेक्षा जास्त फुगतं, तेवढीच मदत. गॅसची ज्योत मी लावत नाही. आत बेअरिंगचं ग्रीस, बाहेर टायर.

खाच कानांवर बसवली, फळी आडवी धरली आणि टोकावर उभा राहिलो. पाच फुटांवर पंचाहत्तर किलो म्हणजे हजार न्यूटन-मीटरच्या वर. आजच्या गाडीचा नट शंभराच्या आसपास आवळतात. काही झालं नाही. दोनदा दबलो. मग कडाक्! मला वाटलं फळी मोडली. छोटूने मला पडता पडता धरलं. स्पिनर पाव फेरा फिरला होता.

पुढचं दहा मिनिटांचं काम. चाक काढलं, खाचा पुसल्या, ग्रीस लावलं. काका खूश होऊन खाली उतरले.

"डावीकडचंही बघून घेऊ," मी म्हटलं. तिथेही तोच घोळ असणार, पण त्याची तक्रार कधी आली नव्हती, म्हणून त्याला कुणी हात लावला नव्हता. यावेळी आधी कुंकवातली अक्षरं वाचली, दिशा ठरवली आणि अंदाज घ्यायला हलकासा ठोका दिला.

स्पिनर हाताने फिरायला लागला.

काका दोन दिवसांपूर्वीच लोणावळ्याला जाऊन आले होते. मी काही बोललो नाही. काकूंनी आतून खुर्ची आणली आणि काकांना बसायला सांगितलं.